मोजणीला मालक हजर पाहिजे

चहाला यायच्या आठ दिवस आधी लेखी नोटीस पाठवणारा माणूस उभ्या बुलढाणा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या आत्याच्या वाट्याला धाकटा दीर म्हणून आला. नोटीस म्हणजे चिठ्ठीचपाटी समजू नका. आखीव कागद, डावीकडे समास, निळी शाई आणि वरच्या कोपऱ्यात जावक क्रमांक. 'याद्वारे कळविण्यात येते की, खाली सही करणार हे येत्या मंगळवारी सकाळी ठीक साडेआठ वाजता आपले राहते घरी चहाकरिता हजर होतील. तरी आपण जातीने हजर राहावे. गैरहजर राहिल्यास पुढील तारीख देण्यात येईल.' आणि सगळ्यात खाली, 'प्रत माहितीस्तव: पूर्वेकडील शेजारी, पश्चिमेकडील शेजारी.' काका भूमी अभिलेखच्या ऑफिसात जन्मभर शेतं मोजत आले. शेत मोजायचं तर लगतच्या सगळ्या शेतकऱ्यांना आधी नोटीस गेली पाहिजे आणि मालक स्वतः धुऱ्यावर, म्हणजे आपल्या बांधावर, उभा पाहिजे; नाहीतर केलेली मोजणी फुकट. हा नियम त्यांच्या अंगात असा मुरला की चहा, बारसं, साखरपुडा, कशालाही त्यांनी त्यातून सूट दिली नाही. मोबाईल आल्यावर तर सोयच झाली. नोटीस हातानेच लिहायची, सही करायची, मग तिचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा आणि दोन निळ्या खुणा उमटेपर्यंत फोनसमोर बसून राहायचं.

या नोटिशीपायी आमच्याकडे एकदा चांगलाच घोटाळा झाला. आम्ही चिखली रोडला घर बांधून नुकते राहायला गेलो होतो. काकांना घर बघायचं होतं, म्हणून रीतसर नोटीस आली आणि तिची एक प्रत शेजारच्या पोस्टमास्तरांकडे गेली. ठरल्या मंगळवारी सकाळी आठलाच पोस्टमास्तर आमच्या ओट्यावर हजर. काखेत घराच्या कागदांची फाईल, बरोबर देऊळगाव राजाहून बोलावून घेतलेला थोरला भाऊ आणि वाटेत भेटला म्हणून आणलेला एक वकील. काका आले, खुर्चीत बसले, त्यांच्यापुढे चहा आला. पोस्टमास्तर घाम पुसत बसलेले. काकांनी बशीतला शेवटचा घोट घेतला आणि सहज म्हणून कंपाउंडच्या भिंतीकडे पाहिलं. एवढ्यावर पोस्टमास्तरांचा धीर सुटला. "साहेब, भित अर्धा फूट तुमच्याकडं सरकली, हे मले मान्य हाये. पाडतो. पण पावसाया होऊ द्या." भिंत अर्धा फूट आमच्यात आली आहे हे माझ्या वडिलांना तोवर माहीतच नव्हतं. काका म्हणाले, "मी चहाले आलो, मास्तर. तुम्हीबी घ्या." ती भिंत आजही तिथंच आहे. पोस्टमास्तरांनी मात्र पुढे कित्येक वर्षं कढीपत्ता, लिंबं आणि सीताफळं त्या भिंतीवरून आम्हाला न मागता दिली.

काका दिसायला उंच, कमरेत किंचित वाकलेले, पांढरा बुशकोट आणि वरच्या खिशात दोन पेन्सिली, एक कडक आणि एक मऊ. चालताना पावलं मोजायचे. मोजताना कोणी हाक मारली तर हात वर करून त्याला जागच्या जागी थांबवायचे, आणि आकडा पुरा झाल्यावरच 'बोला' म्हणायचे. आत्याच्या घरापासून बसस्टँड किती पावलं, सरकारी दवाखाना किती, पोळ्याला बैल उभे राहतात ते मैदान किती, हे त्यांना तोंडपाठ, आणि रस्ता रुंद झाला की त्यांना राग येई, कारण सगळं पुन्हा मोजावं लागे. माझ्या लग्नात त्यांनी पंगत वाकडी बसली म्हणून वाढप थांबवलं, रांगोळीने जमिनीवर सरळ रेघ ओढली आणि दीडशे माणसांना पत्रावळ्यांसकट सरकायला लावलं. माझे सासरे पुण्याचे. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हे गृहस्थ कोण?" मी त्यांना कशीबशी 'आत्याचे दीर' एवढंच म्हणाले, कारण सगळं सांगायला तेव्हा वेळ नव्हता आणि खरं सांगायचं तर धाडसही नव्हतं.

काकांना मनाचा आजार होता. लहानपणी आम्ही त्याला 'काकांचं ते' म्हणायचो आणि मोठी माणसं तर तेवढंही म्हणायची नाहीत. दोन टोकांचा आजार. कधी महिनाभर झोपेची गरजच वाटायची नाही आणि कधी अंथरुणातून पाय खाली टाकणं जमायचं नाही. पुढे औषध लागू पडलं, ते त्यांनी आजतागायत चुकवलेलं नाही. त्यांनी लग्न केलं नाही, नोकरी मात्र शेवटपर्यंत नीट केली. दवाखान्यात जाताना ते एक कागद घेऊन जायचे, त्यावर मथळा 'माझे म्हणणे'. खाली क्रमवार: झोप किती, भूक किती, नव्या गोळीने हात थरथरतो त्यामुळे रेघ सरळ येत नाही, तरी विचार व्हावा. तिथल्या तरुण डॉक्टरांना पहिल्यांदा हे फार लागलं. "काका, मी विचारीन ना काय ते." काका म्हणाले, "तुम्ही इचारसान ते तुमचं. हे माहं." डॉक्टर मुळात भला मुलगा. सहा महिन्यांत तो स्वतःच काका दारात दिसले की हात पुढे करून म्हणायला लागला, "आणा, आजचं म्हणणं." बाकावरचे बाकीचे पेशंट हे बघत होतेच. हळूहळू कोणी वहीचं पान फाडून आणायला लागलं, कोणी बिडीच्या बंडलाच्या कागदावर लिहून, आणि ज्यांना लिहिता येत नव्हतं ते काकांच्या शेजारी बसून सांगायचे आणि काका कडक पेन्सिलीने लिहून द्यायचे.

मी समाजकार्य शिकले आणि बुलढाण्यातच एका संशोधनात कामाला लागले. मनाच्या आजारातून माणसं बरी होतात म्हणजे नेमकं काय होतं, आणि आपल्या उपचारात त्यांचं स्वतःचं किती चालतं, असा विषय. सल्लागार समितीत एक तरी सदस्य स्वतः आजारातून गेलेला असावा, असा त्यात नियम होता. मी काकांचं नाव दिलं. आता कबूल करायला हरकत नाही, नाव देताना माझ्या डोक्यात फक्त रिकामा रकाना होता. काका येतील, कोपऱ्यात बसतील, सही करतील, फोटो निघेल, असा माझा हिशेब. पहिल्या बैठकीआधी आठ दिवस सगळ्या डॉक्टरांना काकांची नोटीस पोचली, जातीने हजर राहण्याविषयी, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

बैठकीत पुण्याहून आलेल्या मॅडमनी प्रश्नावली दाखवली. 'आपल्याला आयुष्याबद्दल किती आशा वाटते? शून्य ते दहा.' काकांनी हात वर केला. "शून्याचा दगड कुठी गाडला?"

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे?"

"म्हंजे बाई, शेत मोजाच्या आधी पह्यला दगड पक्का लागते. ज्या माणसानं तीन महिने आंघोळ केली नाई अन् आज केली, त्याचं शून्य इकडं. तुमचं शून्य तिकडं पुण्यात. मंग हे दहा तुम्ही कुठून मोजून राह्यल्या?"

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं, आणि पुढच्या खेपेला प्रश्नावली आली तेव्हा पहिलाच प्रश्न होता, 'तुमचा सगळ्यात वाईट दिवस कसा होता, ते तुमच्या शब्दांत सांगा.' काका तो वाचून म्हणाले, "आता दगड लागला." त्यानंतर त्यांनी सल्लागारपणा असा काही मनावर घेतला की गावोगाव माझ्याबरोबर येणार म्हणून हट्ट धरला. समितीच्या सदस्याने गावात जायचं नसतं, हे त्यांना सांगायला मी तीनदा गेले आणि तिन्हीदा त्यांच्याबरोबर एसटीत बसून कुठल्या ना कुठल्या गावाला पोचले.

त्यातला वरवट बकालचा दिवस मी विसरू शकत नाही. घर शेतकऱ्याचं, अंगणात कापसाचा ढीग. पेशंट चाळिशीचा, दोन वर्षांपासून बरा असलेला. खाटेवर तो, भोवती त्याची आई, भाऊ आणि वहिनी. मी सोपे प्रश्न आधी घेतले. "झोप कशी लागते?" आई म्हणाली, "चांगली लागते त्याले." भूक कशी आहे? वहिनी म्हणाली, "लय जेवते." राग येतो का? भाऊ म्हणाला, "पह्यले येत होता, आता नाई." पंधरा मिनिटांत माझे अकरा प्रश्न झाले आणि मी मनातून खूश, कारण दुसऱ्या गावाची बस सापडणार होती. एवढ्यात काका उठले आणि ऑफिसच्या आवाजात म्हणाले, "मोजणी रद्द. मालक हजर नाई."

भाऊ गडबडला. "हा का बसला ना, साहेब!"

"बसला हाये. हजर नाई." काकांनी त्या माणसाचा हात धरला, त्याला उठवलं आणि घरामागच्या धुऱ्यावर घेऊन गेले. मी फॉर्म घेऊन मागोमाग. काका त्याच्या शेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "मीबी या आजारातलाच हाये. तुले बरं वाटते, म्हंजे काय वाटते, ते तू सांग."

तो माणूस बराच वेळ ढेकळं फोडत बसला. मग म्हणाला, "मी चहा मांडला का वहिनी तो मोरीत ओतते अन् दुसरा करते. मी त्यात काई टाकीन म्हून भेते. ज्या दिवशी माह्या हातचा चहा घरात पेतीन, त्या दिवशी मी बरा झालो."

माझ्या हातातल्या अकरा पानी फॉर्ममध्ये चहाचा प्रश्न नव्हता. काका उठून घरात आले, खाटेवर बसले आणि म्हणाले, "आम्हाले चहा पाह्यजे. यानं केलेला." तो माणूस चुलीपुढे गेला. आई पदराने तोंड झाकून उभी. चहा आला, काकांनी बशीत ओतून प्यायला, मी प्यायले, मग भावाने कप उचलला, आणि सगळ्यात शेवटी वहिनीने. साखर फार पडली होती. त्या दिवशी आमची पुढची बस चुकली आणि संशोधनात पहिल्यांदाच मला काहीतरी सापडल्यासारखं वाटलं. तो प्रश्न छापील फॉर्मात घालायला पुण्याच्या मॅडम तयार नव्हत्या, प्रश्न प्रमाणित नाही म्हणून. शेवटी बऱ्याच पत्रव्यवहारानंतर 'तुमच्या हातचं घरात खातात-पितात का?' हा प्रश्न शेवटच्या पानावर 'इतर' या सदरात बसला. काका आणि मी मात्र पुढे प्रत्येक घरी तो पहिल्यांदा विचारायचो.

परतीच्या बसमध्ये काका खिडकीशी बसले होते. बस खामगाव सोडून बुलढाण्याचा घाट चढायला लागली. मी त्यांना गंमत म्हणून विचारलं, "काका, तुमचा सगळ्यात वाईट दिवस कोणता?" प्रश्नावलीतलाच प्रश्न होता, पण त्यांना तो कोणी विचारलाच नव्हता हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. ते घाटाकडे बघत बोलायला लागले. काका तेव्हा तिशीचे होते. पंधरा दिवस झोप नाही, सगळ्या गल्लीचे रस्ते साखळीने मोजून झालेले, नगरपालिकेला रोज एक अर्ज. आणि डोक्यात एकच ध्यास, लोणारचं सरोवर. एवढी गोल जागा, तिला धुरा नाही, तिची हद्द कशी बसवायची! "अन् एक दिवस दादा म्हणे, सरकारनं तुले लोणारचं तयं मोजाले बोलावलं. जीप आली हाये."

दादा म्हणजे माझे आतोबा, आत्याचे यजमान, काकांचे थोरले भाऊ. ते कोर्टात कारकून होते. माणूस इतका सरळ की जन्मभर दुसऱ्यांच्या शपथा ऐकून कंटाळला आणि स्वतः कधी शपथ घेतली नाही.

"मी नवा बुशकोट घातला," काका म्हणाले. "दोन पेन्सिली केल्या. गाडी चिखलीकडं जाच्या ऐवजी खामगावकडं लागली. मी मोजणीवाला, पोरी. मले काय रस्ता समजत नाई? लोणार दक्षिणेले, गाडी उत्तरेले. पण मले वाटलं, दादा हाये, दुसऱ्या रस्त्यानं नेत असन." मग दवाखान्याचं फाटक आलं. तिथे खाली उतरून काकांनी विचारलं की लगतचे शेतकरी आले का. कोणीतरी हसलं. मग चौघांनी धरून आत नेलं. "दवाखान्याचं मले वाईट नाई वाटलं. दवाखान्यानं मले चांगलं केलं. दादानं इचारलं नाई, त्याचं वाटलं."

मी म्हटलं, "विचारलं असतं तर गेला असता का तुम्ही?"

काका खोटं बोलत नाहीत. त्यांनी दोन वळणं होईस्तोवर विचार केला. "नसतो गेलो बहुतेक. पण इचाराले तं पाह्यजे होतं."

त्यानंतर मला त्या घरातली एक गोष्ट दिसायला लागली, जी तिथे कायम होती आणि मी कधी बघितली नव्हती. दोघे भाऊ एकाच घरात राहायचे, एकाच ताटलीतून शेंगदाणे खायचे, पेपर अर्धा अर्धा वाटून घ्यायचे, पण लोणारचं नाव निघालं की आतोबा उठून गोठ्याकडे जायचे. काका रोज बघायचे की आज तरी दादा काही म्हणतो का. बाकी त्यांना आयुष्यात कशाची हाव नव्हती. दादानं एकदा, फक्त एकदा, 'चुकलं' म्हणावं, एवढीच त्यांची मागणी होती, आणि ती मात्र त्यांनी कधी नोटिशीत लिहिली नाही. मी एकदा न राहवून म्हटलं, "तुम्हीच काढा ना विषय." तर म्हणाले, "मी काढला तं त्यानं आपल्या मनानं म्हटलं असं कसं होईन?"

आणि मग आतोबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग शेजाऱ्यांची नावं. एके दिवशी ते कपडे करून कोर्टात गेले आणि रिटायर होऊन वीस वर्षं झालेला माणूस तिथे आपलं टेबल शोधत फिरला. आत्या घाबरली. सगळ्यात जास्त घाबरले काका. ते का, हे मला बरोबर कळत होतं. ज्या एका शब्दासाठी हा माणूस जन्मभर थांबला, तो शब्द ज्याच्याजवळ होता त्याचंच डोकं आता रोज थोडं थोडं रिकामं होत चाललं होतं.

अकोल्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली. माझा आतेभाऊ गाडी घेऊन आला. आतोबा दवाखान्याच्या नावाने चिडायचे, म्हणून आम्ही स्वयंपाकघरात उभ्याउभ्या ठरवत होतो, आणि मी, संशोधनाचे अहवाल लिहिणारी बाई, पेशंटचं म्हणणं या विषयावर दोन ठिकाणी भाषण करून आलेली, मीच म्हणाले, "त्यांना सांगू या, शेगावला दर्शनाला जायचंय. रस्ता तोच आहे."

काका दारात उभे होते. "तूबी का, पोरी?" एवढंच म्हणाले. मला अजून तो आवाज आठवला की लाज वाटते.

ते आतोबांच्या खुर्चीपुढे जाऊन बसले. "दादा, तुह्या ध्यानात गोष्टी राहत नाई. डॉक्टरले दाखवाले अकोल्याले जाचं हाये. येतं का?"

"मले काई झालं नाई. नाई येत."

काका उठले. "नाई म्हणते. गाडी परत पाठवा."

आतेभाऊ जो काही चिडला! दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा नाही. आता मात्र आत्याचा तोल गेला. चौकटीला धरून ती ओरडली, "भाऊजी, तुम्ही यांच्यावर सूड उगवून राह्यले का? त्या टायमाचा?" काकांचा चेहरा पांढरा पडला. ते म्हणाले, "नाई, वहिनी," आणि अंगणात जाऊन बसले. जेवायलाही आत आले नाहीत. मला आत्याचं चुकलं असं म्हणवत नव्हतं आणि काकांचं चुकलं असंही. उपचाराला उशीर होत होता हे तर खरंच होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका पुन्हा खुर्चीपुढे बसले. या वेळी त्यांनी आतोबांचे दोन्ही हात धरले. "दादा, तुले भेव वाटते का? मलेबी वाटलं होतं. डॉक्टर फक्त इचारतीन. सुई असली तं आधी मी तुले सांगीन. मी संगं हाये. तुले परत आणाले बी मीच हाये. येतं का?"

आतोबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "तू संगं हाये?"

"हाव."

"मंग चाल."

बुलढाणा ते अकोला एरवी अडीच तास. त्या दिवशी आम्हाला साडेचार लागले. आतोबा दर दहा मिनिटांनी विचारायचे, "कुठी चाल्लो बे?" आणि काका दरवेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगायचे, "दवाखान्यात, दादा. तुह्या डोक्याचं पाह्याले. येतं ना?" दरवेळी हो यायचं, आणि घाटात एकदा 'नाई' आलं, तर काकांनी गाडी थांबवली, त्यांना घेऊन रस्त्याच्या कडेला सागाच्या सावलीत बसले आणि हो येईपर्यंत उठले नाहीत. आतेभाऊ स्टिअरिंगवर कपाळ टेकवून बसला होता. मी हसत होते आणि रडतही होते.

खामगाव मागे पडलं आणि आतोबा एकदम ताठ बसले. "मी तुले कुठी तरी नेलं होतं. गाडीत. तू लोणार लोणार करत होता."

काकांनी खिडकीवरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं.

"लोणारले गेलो होतो का आपण?"

"नाई, दादा. दवाखान्यात गेलो होतो."

"तुले सांगतलं होतं का मी?"

"नाई, दादा."

आतोबांनी हात काकांच्या गुडघ्यावर ठेवला. "चुकलं बे माहं. तुले इचाराले पाह्यजे होतं."

काकांनी मान खाली घातली, ती बराच वेळ वर केली नाही. मी पुढच्या सीटवर होते, मी मागे वळून पाहिलं नाही. बाळापूर आलं, मन नदीचा पूल गेला. मला वाटलं, झालं, या माणसाला त्याचं एकदाचं मिळालं.

पण पुलाच्या पलीकडे आतोबांचा आवाज पुन्हा आला, तसाच घाबरलेला, जणू आत्ताच आठवलं. "मी तुले कुठी तरी नेलं होतं ना, गाडीत? तुले इचारलं होतं का मी?"

आता मी वळून पाहिलं. काका त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"इचारलं होतं, दादा," ते म्हणाले. "अन् मी हो म्हटलं होतं."

आतोबांचा जीव भांड्यात पडला. "मंग बरं," ते म्हणाले आणि डोकं मागे टेकून झोपी गेले. काकांना खोटं बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

आतोबा त्यानंतर दीड वर्ष होते. औषधाने थोडं बरं होतं, थोडं नव्हतं. आत्या सांगते, तो एक प्रश्न मात्र रोज यायचा, कधी दिवसातून चारदा, आणि काका पेपर खाली ठेवून दरवेळी तेच उत्तर द्यायचे. माझं संशोधन संपलं, अहवाल कुठल्याशा कपाटात गेला, मी नवऱ्याच्या बदलीने पुण्याला आले. गेल्या दिवाळीत बुलढाण्याला गेले तेव्हा काका ओसरीत एकटेच बसले होते. खूपच वाळलेत. मी शेजारी बसले, कसे आहात म्हणून विचारलं.

"बरा हाये," ते म्हणाले. मग आतोबांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाले, "रोज इचारत होता, पोरी. आता कोणी इचारत नाई."

मी त्यांचा हात धरून तशीच बसून राहिले.